आधी खोली, मग डॅक

हाय-एंड ऑडिओवरचं पुस्तक खंडाळ्यात बसून लिहिलंय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोरघाट, धुकं आणि कुणा धनिकाचा बंगला उभा राहतो. तो खंडाळा वेगळा, सिनेमातल्या गाण्यातला. हा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, एसटीच्या पाटीवर पारगाव-खंडाळा लिहितात तो. पुण्याहून आलेला ट्रक इथून पुढे खालच्या गिअरवर कण्हत घाट चढतो, साताऱ्याकडचा ट्रक बोगद्यातून बाहेर पडून एअर ब्रेकचे उसासे टाकत उतरतो. रात्रंदिवस. आवाजाच्या शुद्धतेबद्दल लिहायला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडली नसती, आणि या पुस्तकासाठी तीच सोयीची ठरली. मुंबईतल्या दुकानाच्या गालिचे अंथरलेल्या, एसी लावलेल्या डेमो-रूममध्ये कुठलंही यंत्र गोडच वाजतं. तेच यंत्र शिरवळच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये कसं वाजेल? वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेचं शोकेस, भिंतीला टेकवलेला सोफा आणि संध्याकाळी खालीवर होणारं व्होल्टेज. पुस्तक या हॉलसाठी लिहिलं आहे.

आमच्या भागात आता असे हॉल आहेत आणि त्यांत महागडी यंत्रंही आली आहेत. जमिनीचे पैसे आले, पगार वाढले, मुलगा परदेशातून येताना डॅक घेऊन आला. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा विजेच्या लाटेत रूपांतर करणारी छोटी पेटी. तिच्यापुढे अ‍ॅम्प, त्याच्यापुढे स्पीकरची जोडी. सगळं लागतं, निळे दिवे पेटतात, आणि महिन्याभरात तक्रार सुरू होते: एवढे पैसे घातले, पण मजा येत नाही. मग पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर होते, तिथून आणखी जाड केबल येते, आणि तरीही मजा येत नाही. मग इंटरनेटवर कुणीतरी सांगतो की तुमचा डॅकच हलका आहे.

बहुतेक घरांत डॅक हलका नसतो. आजच्या घडीला या सगळ्या साखळीत सर्वांत कमी दोष असलेली कडी तीच आहे. दोष असतो खोलीत, विजेत, मांडणीत आणि मूळ ध्वनिमुद्रणात, म्हणजे ज्यांच्यावर किमतीची चिठ्ठी नसते अशा जागी. पुस्तकाचा सगळा रोख तिकडे आहे.

पण त्याआधी एक हिशेब चुकता करायला हवा. चांगला आवाज ओळखायचा कशावरून? या छंदावरची बहुतेक पुस्तकं जाझच्या दोन-चार रेकॉर्ड आणि एखादी सिम्फनी कसोटीला लावतात. ज्यांनी तो वाद्यमेळ समोर बसून ऐकलाय त्यांना ते ठीक आहे. आपल्याला त्याहून चोख कसोटी खंडाळ्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावर, मिरजेत, उपलब्ध आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी लावताना कुणीही जाऊन पाहावं. भीमाकाठच्या शेतांतला मोठा भोपळा, त्यावर लाकडाची तबकडी, तबकडीवर रुंद घोडी. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी पुसट उतार असतो. कारागीर कानस एकदा, फार तर दोनदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस घेतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि तो केसभर पुढे-मागे करत राहतो. एका जागी तार मुकी वाटते, एका जागी चिरकते, आणि मधल्या एका जागी ती एकदम खुलते. सूर एकच, पण त्याच्या आतून वरचे सूर ओळीने उलगडत जातात. हे काम मोजपट्टीने होत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय उचलला आणि पुढच्या पिढ्यांनी तो इतका नेटाने सांभाळला, की मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

जवारीत काय घडतं, याकडे सी. व्ही. रामन यांचं लक्ष 1921 सालीच गेलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम आहे. तानपुरा आणि वीणा हा नियम धाब्यावर बसवतात. उमटू नयेत ते उपस्वरही त्यांच्यात ठणठणीत ऐकू येतात. तार घोडीच्या उताराला चाटत कंपते आणि दर फेरीला ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे ढकलत राहते. ऑडिओच्या भाषेत सांगायचं तर तानपुरा हा खर्जापासून कानाच्या वरच्या टोकापर्यंत पसरलेला, सतत चालू राहणारा आणि सतत बदलणारा चाचणी-संकेत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्यात षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर, तर खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69च्या आसपास असते. तिथून वर उपस्वरांची रांग हजारो हर्ट्झपर्यंत जाते. खोली घुमत असेल तर खर्जाची तार इतर तिघींना गिळते. टाइल्स आणि काचा उघड्या असतील तर जवारी पत्र्यासारखी वाजते. फाइल फार दाबलेली असेल तर ती पाण्यातून गुळगुळ आल्यासारखी ऐकू येते. सगळं जमून आलं की चार तारा चार वेगळ्या तारा राहतात आणि तरी मिळून एक होतात. ज्याने समोर बसून तानपुरा ऐकलाय त्याला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याने ऐकला नसेल त्याने डॅक घेण्याआधी मिरजेचं एसटीचं तिकीट काढावं. खर्च बराच कमी आहे.

कान हवाच, पण नुसत्या कानावर भागत नाही. हेही आमच्याच पट्ट्यात शंभरावर वर्षांपूर्वी कुणी तरी करून दाखवलंय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर त्यांनी तारेच्या लांबीवर मोजायला घेतले आणि बावीस श्रुतींवरचं पुस्तक 1910 साली इंग्रजीत छापलं. साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश म्हणून आलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स याच नादी लागले. त्यांचं पुस्तक 1913 साली आलं. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि काही आक्षेप रास्तही होते. पण पद्धत पाहा: गवयाने गायचं, दुसऱ्याने मोजायचं, आणि आकडा कानाला पटत नसेल तर दोघांनी पुन्हा बसायचं. आजच्या ऑडिओच्या दुनियेत एक तट म्हणतो, आलेख सांगेल तेच खरं; दुसरा म्हणतो, माझे कान सांगतील तेच. देवलांच्या बैठकीत यांपैकी एकाचाही निभाव लागला नसता.

श्रुतींचा विषय निघालाच आहे तर डिजिटलची खरी थोरवी तिथेच कळते. श्रुतींच्या हिशेबातलं सर्वांत लहान अंतर 81ला 80 या गुणोत्तराचं, म्हणजे सव्वा टक्क्याचं. घरगुती कॅसेट डेकचा वेग एखाद टक्का इकडे-तिकडे असणं सर्रास चालायचं. म्हणजे यंत्रच जवळजवळ एक श्रुती खात होतं, आणि टेप डगमगली तर स्वर डोलायचा तो वेगळाच. साध्यातल्या साध्या डॅकमधल्या घड्याळाचा स्फटिक दहा लाखांत पन्नास भागांहून जास्त सहसा चुकत नाही. म्हणजे ही चूक श्रुतीच्या अडीचशेव्या हिश्शाइतकी. खाँसाहेबांनाही ती ऐकू आली नसती. पाव लाखाच्या डॅकमध्ये ती आणखी कमी झाली, यात ऐकणाऱ्याला काय मिळालं ते तुम्हीच ठरवा.

डिजिटलबद्दलचा एक गैरसमज जिन्याच्या पायऱ्यांचा. जाहिरातीत गुळगुळीत लाट दाखवतात आणि शेजारी डिजिटलची पायऱ्या-पायऱ्यांची लाट. मग सांगतात, पायऱ्या जितक्या बारीक तितका आवाज मऊ. डॅकमधून बाहेर पडणारी लाट पायऱ्यांची नसतेच. सीडीसाठी सेकंदाला 44,100 वेळा नमुना घेतात. त्याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे 22,050 हर्ट्झपर्यंतची कुठलीही लाट त्या नमुन्यांतून अखंड परत उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. माणसाचा कान ऐन तारुण्यात 20,000 हर्ट्झपर्यंत जातो आणि चाळिशीनंतर बराच खाली उतरतो. उरला प्रश्न 16 बिट आणि 24 बिटचा. सोळा बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं. रात्री शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्याच्यावर 96 चढवले की कान दुखायची पातळी येते. खंबाटकीच्या पायथ्याशी तर ट्रक खालचे आणखी पंधरा-वीस डेसिबल गिळून बसलेला असतो. ध्वनिमुद्रण करताना 24 बिट हवेच, कारण गवई किती चढेल ते आधी माहीत नसतं. ऐकताना त्यांचं कौतुक कागदावरच राहतं. अमेरिकेत मायर आणि मोरन या दोघांनी 2007 साली एक चाचणी छापली. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या मार्गात त्यांनी मुद्दाम सीडीच्या दर्जाची अडवणूक घातली आणि ऐकणाऱ्यांना फरक ओळखायला सांगितलं. सर्वसाधारण पातळीवर ऐकताना तो कुणाला ओळखता आला नाही. त्या चाचणीवरही टीका झाली, पण फरक ढळढळीत आहे असं त्यानंतर कुणाला दाखवता आलेलं नाही.

मग मजा कुठे हरवते? पहिली जागा सोफा. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवायचा असतो, त्यात चर्चेला वाव नाही. चौदा फुटी खोलीच्या लांबीत 40 हर्ट्झची लाट बरोब्बर अडकते, बारा फुटी रुंदीत 47ची, आणि मग त्यांच्या पटीतल्या 80, 94 अशा. या सगळ्या अडकलेल्या लाटांचा फुगवटा भिंतीपाशी असतो. म्हणजे घरातला ज्येष्ठ, ज्याच्यासाठी ही सगळी यातायात, तो बरोबर अशा जागी बसतो जिथे डग्गा प्रत्येक ठेक्याला ढोलासारखा घुमतो. सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढा आणि तीच चीज पुन्हा लावा. अ‍ॅम्प बदलून जो फरक पडत नाही तो इथे पडतो. खोली तपासायची असेल तर सोपा प्रयोग आहे. फोनमधून 40 ते 100 हर्ट्झचा सरकता सूर स्पीकरला द्या आणि खोलीभर चाला. काही पावलांवर तो अंगावर येईल, काही पावलांवर नाहीसा होईल. जिथे तो सगळ्यांत एकसारखा तिथे खुर्ची.

वरच्या सुरांचा इलाज वेगळा. मोकळ्या खोलीत टाळी वाजवली की झिणझिणता प्रतिध्वनी येतो, तो समोरासमोरच्या उघड्या भिंतींचा. त्यावर लोक अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा पातळ फोम चिकटवतात. तो फक्त वरचे सूर खातो. घुमणं तसंच राहतं आणि जवारीचा प्राण जातो. त्यापेक्षा कापडाच्या कित्येक थरांची जाड गोधडी, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेली, जास्त काम करते. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट आणखी चांगलं. जुनी कापसाची गादी कोपऱ्यात उभी करणं हा घुमण्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. त्यावर घरात मतभेद होतील, ते ज्याचे त्याने मिटवावेत.

दुसरी जागा वीज. खंडाळ्यासारख्या गावात हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर शिकायला मिळतो. गाणं थांबलं की स्पीकरमधून येणारी बारीक घरघर म्हणजे हम, 50 हर्ट्झची आणि तिच्या पटीची. ती बहुधा महावितरणच्या विजेतून येत नाही. दोन यंत्रांचं अर्थिंग दोन वाटांनी झालेलं असतं आणि त्या फेऱ्यात तिचा जन्म होतो. डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून अ‍ॅम्पला लागलेली असेल तर आधी ती काढून पाहा. हम गेली तर चोर सापडला. लॅपटॉपच्या चार्जरचाही असाच चाळा असतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर किरकिर थांबली, तर लॅपटॉप आणि डॅक यांच्यात ऑप्टिकल वायर घाला. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे घाणही जात नाही. हम घालवायला प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला गावोगाव देतात. तो ऐकू नये; अर्थिंग तोडल्यावर हमबरोबर माणूसही जाऊ शकतो. उलट, उन्हाळ्यात इथला मुरूम वाळला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला विसरू नये. आणि लाइट गेल्यावर जर चौकोनी लाटेचा स्वस्त इन्व्हर्टर सुरू होत असेल, तर त्याच्यावर चांगला अ‍ॅम्प लावून तानपुरा ऐकण्यापेक्षा लाइट येईपर्यंत अंगणात बसलेलं बरं.

केबलबद्दल या पुस्तकात पान-दीड पानच आहे. घरच्या वायरिंगला वायरमन वापरतो ती अडीच एमएमची तांब्याची वायर तीन मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.04 ओहम भरतो. पुढे स्पीकर आठ ओहमचा. याहून जास्त पैसे खर्च करायचे असतील तर ते दिसण्यासाठी करावेत, त्यात गैर काही नाही.

दुकानातली एक खोड मात्र माहीत असायला हवी. एखादं यंत्र एखाद डेसिबलने मोठं वाजवलं तर कान त्याला ‘मोठं’ म्हणत नाही, ‘चांगलं’ म्हणतो. महागडी पेटी नेहमी किंचित वरच्या आवाजात दाखवली जाते, कधी जाणूनबुजून, कधी नकळत. दोन डॅकची तुलना करायची तर 100 हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावं आणि दोन्हींचं एक टक्क्याच्या आत जुळवावं. मल्टिमीटर वायरमनकडे असतो तोच चालतो. जुळवल्यावर पुष्कळदा दोन्ही पेट्या एकसारख्याच वाजतात. तरीही वेगळ्या वाजल्या तर त्यांतला फरक खरा असतो आणि त्यावर पैसे टाकायला हरकत नाही. स्पीकरचं तसं नाही. दोन स्पीकरांतला फरक मोजल्याशिवायही कळतो, म्हणून खिशातला मोठा वाटा तिकडे जावा हे माझं मत.

शेवटची जागा मूळ फाइल. फोनमधून ब्लूटूथने स्पीकरला जोडलं की आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो. सीडीचा ओघ सेकंदाला 1,411 किलोबिटचा, आणि ब्लूटूथच्या चांगल्या पद्धतींपैकी एकीला, एलडॅकला, 990च मावतात. महागड्या डॅकला ब्लूटूथने गाणं देणारे लोक मी पाहिले आहेत. संगणकावरही विंडोज मधल्या मध्ये फाइलच्या नमुन्यांचा दर बदलून टाकतं. प्लेअरमध्ये डॅकचा ताबा एकट्याला घ्यायची सोय असते, ती चालू करावी. हे फुकटात होतं. जे फुकटातही आणि पैसे घालूनही होत नाही ते म्हणजे वाईट ध्वनिमुद्रण सुधारणं. खाँसाहेबांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्या आज डिजिटल रूपात अनेक ठिकाणी मिळतात. काहींत खरखर घालवायच्या नादात वरचे सूर इतके खरवडलेत की मागचे तानपुरे गायबच झालेत आणि गळा लोकरीतून आल्यासारखा वाटतो. काहींत तबकडीचा वेग चुकीचा धरल्यामुळे खाँसाहेब भलत्याच पट्टीत गातात. अशी फाइल 24 बिटची आहे, हा चेष्टेचा विषय. खरखर तशीच ठेवलेली प्रत सापडली तर तीच घ्या. दोन मिनिटांत कान खरखर बाजूला सारतो आणि मागे तानपुरा सापडतो.

प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम दुकानाच्या उलटा लावलाय. पहिली दोन खोलीची, तिसरं विजेचं, चौथं स्पीकर निवडून ते मांडण्याचं, पाचवं फाइल आणि ध्वनिमुद्रणांचं. डॅकचं प्रकरण सहावं आहे आणि ते सर्वांत लहान आहे. ज्यांनी पुस्तक त्याच्यासाठीच घेतलं असेल त्यांनी ते खुशाल आधी वाचावं, पण यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी सोफा पुढे ओढून एक संध्याकाळ ऐकून पाहावं. मोजमापासाठी लागणारे सूर मोफत मिळतात. ते कसे वापरायचे हे शेवटच्या परिशिष्टात दिलंय. खोलीची मापं फुटांत घेतली तरी चालतील. तिथला तक्ता फुटांचाच केला आहे, कारण आमच्याकडचा गवंडी अजून मीटरमध्ये बोलत नाही.